एका गिटारमध्ये किती आवाज मावतात: यामाहा पॅसिफिका ६१२ची पारख

एकच इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, तिच्यावर गाण्याला स्वच्छ साथ करायची, ब्लूज वाजवायचे आणि वेळ आली तर जड डिस्टॉर्शनही (मुद्दाम फाडून जाड केलेला आवाज) पेलायचे, अशी अपेक्षा असणाऱ्याच्या समोर असंख्य वाद्ये येतात आणि त्यांतले जवळजवळ प्रत्येक स्वतःला ‘अष्टपैलू’ म्हणवते. हे अष्टपैलुत्व बहुधा पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संदेशात बदलणारे चुंबक आणि त्याभोवतीची कॉइल, म्हणजे वेटोळे) निवडणाऱ्या स्विचच्या जागा मोजून ठरवले जाते: पाच जागा, त्यांत कॉइल-स्प्लिटची, म्हणजे दुहेरी पिकअपची एक कॉइल बंद करण्याच्या सोयीची भर, म्हणजे इतके आवाज. मला हा हिशेब पटत नाही. स्विच फिरवला की आवाज बदलतो हे खरे, पण बदललेला प्रत्येक आवाज गाण्यात उपयोगी पडतोच असे नाही. आणि उपयोगी पडणारा आवाज काढताना वाद्य हाताला साथ देत नसेल, तर तो आवाज असून नसल्यासारखा. म्हणून यामाहाच्या पॅसिफिका ६१२ या गिटारचे परीक्षण करताना मी दोनच प्रश्न समोर ठेवले आहेत. तिच्या आवाजांपैकी किती आवाज खरोखर वापरावेसे वाटतात, आणि ती हातात घेतल्यावर बोटांना काय जाणवते?

पॅसिफिका ही मालिका १९९० साली बाजारात आली. तिच्या बहुतेक गिटारींचा आराखडा फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या वळणाचा आहे. जॅझ गिटारवादक माइक स्टर्न यांच्या नावाने निघालेली पॅसिफिका मात्र फेंडरच्याच टेलिकास्टरच्या घराण्यातली. ६१२चे अंग ऑल्डर लाकडाचे असून त्यावर ज्वालांसारख्या रेषांच्या मेपलचा पातळ पापुद्रा लावलेला असतो. हा पापुद्रा डोळ्यांसाठी आहे, त्याचा आवाजाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. नेक, म्हणजे मान, मेपलचा असून अंगाला बोल्टने जोडलेला आहे, फ्रेटबोर्ड (बोटे ठेवायची पट्टी) रोझवूडचा आहे, फ्रेट, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, २२ आहेत आणि तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच आहे. ब्रिजजवळ, म्हणजे अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, सेमूर डंकन कंपनीचा ‘कस्टम ५’ हा हंबकर, म्हणजे दोन कॉइलींचा पिकअप आहे. मधे आणि नेकजवळ त्याच कंपनीचे ‘एसएसएल-१’ हे सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचे पिकअप आहेत. नियंत्रणासाठी एक व्हॉल्यूम, एक टोन आणि पाच जागांचा स्विच एवढेच आहे. टोनचा नॉब वर ओढला की हंबकरची एक कॉइल बंद होते. ब्रिज विल्किन्सनचा व्हीएस५० ट्रेमोलो (दांड्याने हलवता येणारा), खुंट्या ग्रोव्हरच्या लॉकिंग (तार घट्ट पकडणाऱ्या) जातीच्या आणि नट, म्हणजे नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, ग्राफटेकच्या टस्क या पदार्थाचा.

ब्रिजजवळ हंबकर आणि पुढे दोन सिंगल-कॉइल, या मांडणीला वादक एचएसएस म्हणतात. ही मांडणी का जन्मली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली तेव्हा तिच्यात तीन सिंगल-कॉइल पिकअप होते आणि स्विचला तीनच जागा होत्या. वादकांनी तो स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायला सुरुवात केली, त्यातून तो सुप्रसिद्ध पोकळ, किंचित नाकातला आवाज सापडला, आणि फेंडरने १९७७ साली पाच जागांचा स्विच अधिकृतपणे दिला. सिंगल-कॉइलची स्पष्टता अप्रतिम असते, पण तारेच्या कंपनाबरोबर ती विजेच्या तारांमधली ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुणही पकडते, आणि डिस्टॉर्शन वाढवले की ती गुणगुण संगीतावर स्वार होते. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी यावर उपाय शोधला. दोन कॉइली शेजारी ठेवायच्या, एकीच्या चुंबकाचे ध्रुव उलटे आणि तिचे वेटोळेही उलट्या दिशेचे; मग बाहेरची गुणगुण दोहोंत परस्परविरुद्ध येऊन एकमेकांना खाऊन टाकते आणि तारेचा संदेश मात्र दुणावतो. १९५५ साली या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९५७पासून हे पिकअप गिब्सनच्या गिटारींत दिसू लागले. हंबकरचा आवाज जाड, मधल्या पट्टीत भरलेला आणि तारसप्तकात थोडा मवाळ असतो. याचे कारण असे की तो तारेचा रुंद भाग एकदम ऐकतो, आणि त्यामुळे सगळ्यात बारीक लहरी काही अंशी आपापसांत मिटतात.

डिस्टॉर्शनची सर्वाधिक गरज ब्रिजजवळच्या पिकअपला असते आणि सिंगल-कॉइल सर्वांत टोकदार, कधी कधी कानाला टोचणारा लागतो तोही तिथेच. म्हणून तेवढ्या एका जागी हंबकर बसवायचा आणि उरलेल्या गिटारचा स्वभाव जसाच्या तसा ठेवायचा, हा एचएसएसमागचा विचार आहे. तो मला फार शहाणपणाचा वाटतो. मात्र तो नीट पार पाडणे कठीण आहे, कारण दोन वेगळ्या प्रकृतींचे पिकअप एकाच व्हॉल्यूम नॉबमधून जातात. सिंगल-कॉइलला परंपरेने २५० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (नॉबखालचा बदलता विद्युतरोध) लावतात, हंबकरला ५०० किलोओहमचा. एकाच नॉबवर दोघांना बांधले की मोठ्या मूल्याने सिंगल-कॉइल जरा जास्त झळाळतात आणि लहान मूल्याने हंबकर झाकोळतो. त्यात हंबकरचा जोर मुळातच जास्त असल्याने स्विच फिरवताच आवाजाची पातळी दचकल्यासारखी वर-खाली होते. ज्या एचएसएस गिटारमध्ये हा तोल सांभाळलेला नसतो, तिच्यावर वादक हळूहळू एकाच पिकअपवर राहू लागतो आणि बाकीच्या जागा शोभेपुरत्या उरतात.

६१२मध्ये निवडलेले पिकअप या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. एसएसएल-१ हा जुन्या स्ट्रॅटच्या धाटणीचा पिकअप आहे. त्याचे अल्निको ५ या मिश्रधातूचे चुंबक वेगवेगळ्या उंचीचे आहेत आणि त्याचा रोध सुमारे साडेसहा किलोओहम आहे. कस्टम ५चा रोध सुमारे १४ किलोओहम आहे. रोधावरून आवाजाचा मोठेपणा थेट ठरत नाही, पण एक गोष्ट सहज लक्षात येते: हंबकरची एक कॉइल बंद केली की उरलेल्या कॉइलचा रोध सुमारे सात किलोओहम राहतो, म्हणजे शेजारच्या एसएसएल-१च्या जवळपास. अनेक गिटारींत कॉइल-स्प्लिटचा आवाज चिमटलेला, जीव नसलेला वाटतो, कारण मूळ हंबकर सौम्य असेल तर त्याच्या अर्ध्या भागात पुरेसा दम उरत नाही. इथे वेटोळे भरपूर असल्याने अर्ध्या कॉइलमध्येही अंग राहते. ती खऱ्या सिंगल-कॉइलची बरोबरी करत नाही, हेही सांगितले पाहिजे. तिचा आवाज किंचित सपाट आहे, आणि स्प्लिट केल्यावर गुणगुणही परत येते. पण गटात वाजवताना हा फरक कानावर येत नाही.

स्विचच्या सर्वांत मागच्या जागेपासून पाहू. पूर्ण हंबकर डिस्टॉर्शनवर लावला की खरजाच्या तारेवर तळहात टेकवून केलेले ठोके घट्ट आणि वेगळे वेगळे येतात. कस्टम ५मध्ये मधली पट्टी थोडी खोल ठेवलेली आहे, त्यामुळे आवाज मोठा असूनही चोंदत नाही आणि सहा तारांचा पूर्ण झंकार डिस्टॉर्शनमध्येही ओळखू येतो. याच गुणाची दुसरी बाजू अशी की मधल्या पट्टीच्या जोरावर गाण्याच्या वर उठून येणारा, ‘गाणारा’ लीडचा (एकल सुरावटीचा) आवाज हवा असेल तर ॲम्पवरचा (ॲम्प्लिफायरवरचा) मिडलचा नॉब वाढवावा लागतो किंवा पुढे ओव्हरड्राइव्हचे (सौम्य डिस्टॉर्शनचे) पेडल जोडावे लागते. स्वच्छ आवाजावर हा हंबकर मला फारसा उपयोगी वाटत नाही. तिथे टोनचा नॉब ओढून कॉइल बंद करावी, आणि लगेच ताल धरण्याजोगा चटपटीत आवाज मिळतो.

दुसरी जागा, म्हणजे ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र, इथे त्या ओढायच्या नॉबची खरी किंमत कळते. पूर्ण हंबकर मधल्या पिकअपबरोबर वाजला तर जाडसर, थोडा बिनचेहऱ्याचा आवाज येतो. कॉइल बंद केली की तोच आवाज पोकळ होतो, आणि छोट्या कॉर्डचे झटके द्यायला योग्य असा तो जुना स्ट्रॅटचा नाद उमटतो. मधली जागा एकट्याने कमी वापरली जाते, पण मला ती प्रिय आहे. गायकाच्या आवाजामागे राहून साथ करायची असेल तर तिच्याइतका नम्र आणि तरीही स्पष्ट आवाज या गिटारमध्ये दुसरा नाही. चौथ्या जागेवर बोटांनी छेडलेल्या तारा काचेसारख्या स्वच्छ येतात.

पाचवी जागा, नेकजवळचा एकटा सिंगल-कॉइल, ही या गिटारची सर्वांत मोठी कमाई आहे, आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. २२ फ्रेटच्या गिटारमध्ये नेकजवळचा पिकअप तारेच्या ब्रिजकडील सुमारे एक चतुर्थांश लांबीवर येतो. तारेच्या कंपनातला चौथा स्वरांश (मूळ स्वराच्या चौपट कंपनांचा अंश) नेमका त्याच बिंदूपाशी स्थिर असतो, म्हणून मोकळी तार वाजवली की त्या पिकअपला तो स्वरांश जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मूळ स्वराचे वजन वाढते. बोट फ्रेटवर ठेवले की तारेची लांबी बदलते आणि हा हिशेबही बदलतो, त्यामुळे या बिंदूत काही जादू आहे असे मानू नये. पण पिकअप ब्रिजपासून जितका लांब, तितका आवाज गोल, एवढे निश्चित. २४ फ्रेटच्या गिटारमध्ये शेवटच्या दोन फ्रेटना जागा करून देण्यासाठी हाच पिकअप साधारण दोन सेंटिमीटर ब्रिजकडे सरकवावा लागतो. त्या दोन सेंटिमीटरमध्ये आवाजातला ओलावा कमी होतो आणि धार वाढते. वेगवान लीड वाजवणाऱ्याला ती धार हवीहवीशी वाटेल. पण ज्याला संथ ब्लूजमध्ये एकेका स्वराला आस हवी आहे, त्याने शेवटच्या दोन फ्रेटसाठी ही किंमत मोजावी का, याचा विचार करावा. ६१२वर नेकच्या पिकअपवर व्हॉल्यूम थोडा उतरवून हलक्या हाताने छेडले की आवाज स्वच्छ राहतो, आणि जोराने छेडले की ॲम्प किंचित फाटतो. हातातला फरक असा जसाच्या तसा आवाजात उतरणे, याला मी अष्टपैलुत्वाची खरी कसोटी मानतो. एका जागेवरच्या एका पिकअपमधून इथे तीन-चार वेगळे भाव काढता येतात.

व्हॉल्यूमच्या नॉबबद्दल एक सूचना. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींमध्ये व्हॉल्यूम उतरवला की वरच्या लहरी आधी गळतात, कारण नॉबचा रोध आणि केबलची धारिता मिळून एक गाळणी तयार होते. केबल जितकी लांब, तितकी ही गाळणी अधिक काम करते. म्हणून गिटार पारखताना लहान केबलवर ऐकलेला आवाज मंचावरच्या लांब केबलवर तसाच राहील असे धरून चालू नये. ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून नॉब दहावरून सहावर आणावा आणि आवाज नुसता मंद होतो की स्वच्छही होतो, हे ऐकावे. चांगल्या गिटारमध्ये तो स्वच्छ होतो.

आता हाताचा विषय. आवाज पेडलने आणि ॲम्पने बदलता येतो, नेक बदलता येत नाही. म्हणून दोहोंपैकी एकावरच निर्णय करायचा झाला तर मी नेकवर करेन. ६१२च्या फ्रेटबोर्डची गोलाई ३५० मिलिमीटर त्रिज्येची आहे, म्हणजे तो बराच सपाट आहे. जुन्या स्ट्रॅटवर ही त्रिज्या सव्वासात इंच, सुमारे १८४ मिलिमीटर असे. गिब्सनवर बारा इंच, सुमारे ३०५ मिलिमीटर. गोल फ्रेटबोर्डवर पहिल्या काही फ्रेटमध्ये बोट आडवे टाकून धरलेले कॉर्ड आरामात बसतात, परंतु वरच्या फ्रेटवर बारीक तार ओढून मींड घ्यायला गेले आणि तारा खाली बसवलेल्या असल्या, तर ओढलेली तार गोलाईच्या उंचवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला घासते आणि स्वर मधेच मरतो. सपाट फ्रेटबोर्डवर ही अडचण येत नाही. पूर्ण स्वराची, अगदी दीड स्वराची मींडसुद्धा ६१२वर शेवटपर्यंत वाजत राहते, आणि तारा खाली बसवूनही वाजते.

नटपाशी नेकची रुंदी ४१ मिलिमीटर आहे. ही बाब कमी लोक तपासतात आणि जास्त लोकांना ती नंतर जाणवते. लहान किंवा मध्यम हाताला हा नेक फार सोयीचा आहे. अंगठा वरून आणून खरजाची तार दाबणे सहज जमते. ज्यांची बोटे जाड आहेत, किंवा ज्यांना सर्व तारा स्वतंत्रपणे बोटांनी छेडायच्या आहेत, त्यांना मोकळ्या कॉर्डमध्ये शेजारच्या तारेला बोट लागण्याचा त्रास होऊ शकतो. त्यांनी ४३ मिलिमीटरच्या आसपासचा नेक असलेले वाद्य हातात घेऊन पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

तारेची वाजती लांबी हा स्पर्शाचा दुसरा मोठा घटक. तीच तार, तोच स्वर, पण लांबी जास्त असेल तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गिब्सनची पावणेपंचवीस इंच आणि फेंडर-यामाहाची साडेपंचवीस इंच, यांत फरक पाऊण इंचाचा. ताणात मात्र सुमारे सहा टक्के फरक पडतो. तो बोटांना स्पष्ट कळतो. ६१२वर खरजाच्या तारा घट्ट राहतात, ठोक्याला लगेच उत्तर देतात आणि सर्वांत जाड तार आणखी एक स्वर उतरवून लावली तरी ढिली पडत नाही. उलट मींड घ्यायला थोडा जास्त जोर लागतो. गिब्सनच्या लांबीवर १० ते ४६ (इंचाचे हजारावे भाग) जाडीच्या तारांची सवय असलेल्याने या गिटारवर ९ ते ४२ जाडीच्या तारा लावून पाहाव्यात, म्हणजे ताण ओळखीचा वाटेल. दोन गिटारींची तुलना करताना त्यांवरच्या तारांची जाडी वेगळी असेल तर आपण गिटारची तुलना करत आहोत की तारांची, हे कळेनासे होते, आणि दुकानात हे सर्रास घडते.

ट्रेमोलोबद्दल माझे मत मिश्र आहे. व्हीएस५० दोन खुंटांवर तोललेला आहे, त्याची हालचाल मऊ आहे, आणि गुळगुळीत टस्क नट व लॉकिंग खुंट्या यांमुळे दांडा वापरल्यावर तारा बऱ्यापैकी सुरात परत येतात. पण तरंगत्या ब्रिजचा एक स्वभाव कोणत्याही कारागिरीने जात नाही: एक तार ओढली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. त्यामुळे एक तार स्थिर ठेवून तिच्या शेजारची ओढणे, हा ब्लूज आणि कंट्रीमधला नेहमीचा प्रकार, बेसूर लागतो. ज्यांना दांड्याची गरज नाही त्यांनी मागच्या झाकणाखालच्या स्प्रिंग आवळून ब्रिज अंगावर टेकवून घ्यावा. मग हा दोष जातो आणि मोकळ्या तारांची आसही थोडी वाढल्यासारखी वाटते.

लाकडाबद्दल वादक हिरिरीने बोलतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये स्पीकरपर्यंत पोहोचणारा संदेश चुंबकाजवळ कंप पावणाऱ्या तारेतून जन्मतो, आणि त्यावर पिकअपची जागा, त्याची उंची, तारा, फ्रेट आणि ब्रिज यांचा परिणाम अंगाच्या लाकडापेक्षा कितीतरी ठळक असतो. लाकूड पाहायचे ते वजनासाठी, तोलासाठी आणि नेकच्या स्थैर्यासाठी. पट्टा लावून उभे राहिल्यावर गिटारचे डोके खाली झुकत नाही ना, हा प्रश्न ऑल्डर की महोगनी या चर्चेपेक्षा माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, आणि पॅसिफिकाचा आराखडा या बाबतीत निर्धास्त आहे.

पर्यायांचा विचार केल्याशिवाय हे परीक्षण पूर्ण होणार नाही. सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी म्हणजे पीआरएस कंपनीची एसई कस्टम २४. तिची वाजती लांबी २५ इंच, म्हणजे फेंडर आणि गिब्सन यांच्या मधली, फ्रेट २४, पिकअप दोन, दोन्ही हंबकर, दोन्हींना कॉइल-स्प्लिट. नेकजवळच्या हंबकरचा जाड, तेलकट, लांबत जाणारा लीडचा आवाज ६१२मध्ये मुळातच नाही आणि कोणत्याही नॉबने तो येणार नाही. ज्याच्या संगीताचा गाभा तो आवाज आहे त्याने पीआरएस किंवा सरळ गिब्सनच्या लेस पॉलच्या वळणाची गिटार पाहावी. उलट स्वच्छ आवाजात तिचे स्प्लिट केलेले हंबकर माझ्या कानाला उपयुक्त वाटतात, पण प्रिय वाटत नाहीत. एसएसएल-१मधली ती घंटेसारखी किणकिण तिथे नाही. टेलिकास्टर १९५१पासून या नावाने वाजते आहे. तिच्यात दोनच पिकअप, स्विचच्या तीनच जागा, आणि तरीही कंट्रीपासून जॅझपर्यंत ती सगळीकडे आढळते. स्विचच्या जागा मोजणाऱ्यांनी या गोष्टीवर जरूर विचार करावा. तिचा ब्रिजचा पिकअप धातूच्या पत्र्यात बसवलेला असतो आणि त्याचा खणखणीत ठोका एचएसएस गिटार देऊ शकत नाही. पण जड डिस्टॉर्शनवर तिची गुणगुण सांभाळणे हे स्वतंत्र काम आहे, म्हणून एकच गिटार घ्यायची असेल तर मी तिला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पोकळ किंवा अर्धपोकळ अंगाच्या गिटारचा हवेशीर नादही ६१२कडून अपेक्षू नये.

यामाहाने २०२४ साली पॅसिफिकाच्या ‘स्टँडर्ड प्लस’ आणि ‘प्रोफेशनल’ या नव्या गिटारी आणल्या. त्यांची मांडणी एचएसएसच आहे, पण पिकअप रूपर्ट नीव्ह डिझाइन्स या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीसोबत विकसित केलेले ‘रिफ्लेक्टोन’ आहेत आणि फ्रेट स्टेनलेस स्टीलचे आहेत. स्टीलचे फ्रेट लवकर झिजत नाहीत आणि त्यांवर मींड घसरत जाते, हा मोठा फायदा. तरीही ६१२ मिळत असेल, नवी किंवा वापरलेली, तर ती मागे पडलेली समजू नये. तिचे पिकअप सुट्टेही विकले जाणारे आणि पारखलेले आहेत.

गिटार हातात घेतल्यावर ती ॲम्पला न जोडता आधी नुसतीच वाजवावी. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट सावकाश छेडावा. कुठे स्वर लवकर विझतो का, कुठे तार झणझणते का, हे शांततेतच कळते. पहिल्या फ्रेटवर बोट आडवे टाकून कॉर्ड धरताना अवाजवी जोर लागत असेल तर नटच्या खाचा उंच राहिल्या आहेत. तो दोष कारागीर सहज काढतो, त्यासाठी गिटार नाकारू नये. नेक पिळला असेल तर मात्र नाकारावी. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार एकदम दाबली की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली सुमारे ०.२ मिलिमीटर फट दिसावी. खरजाच्या बाजूला आणि बारीक तारेच्या बाजूला ही फट सारखीच असेल तर नेक पिळलेला नाही. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) एकाच उंचीचे लागतात का ते ट्यूनरवर पाहावे. किरकोळ फरक ब्रिजवरचे सॅडल (प्रत्येक तार टेकते ते छोटे ठोकळे) मागे-पुढे सरकवून जातो.

आणि ६१२ घेतलीच, तर तिच्या पिकअपची उंची स्वतः लावायला शिकावे, कारण एचएसएस गिटारचा सगळा तोल तिथेच साधतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांतले अंतर पाहावे. नेकजवळचा आणि मधला पिकअप तारेच्या फार जवळ आणले तर त्यांची चुंबके तारेलाच ओढू लागतात, खरजाच्या तारेवर स्वर डळमळतो आणि आस तुटते. म्हणून ते अडीच ते तीन मिलिमीटरवर ठेवून सुरुवात करावी. नंतर स्वच्छ आवाजावर नेकच्या पिकअपवरून ब्रिजच्या हंबकरवर स्विच फिरवत हंबकर हळूहळू खाली उतरवावा, आणि दोहोंचा आवाज कानाला सारखा मोठा वाटू लागला की थांबावे. हंबकर खाली गेल्याने डिस्टॉर्शनचा जोर कमी होईल अशी भीती वाटते, पण तेवढा जोर ॲम्पवरचा गेन सहज भरून काढतो, आणि त्या बदल्यात पाचही जागा एकाच गाण्यात, पेडलला हात न लावता, एकामागून एक वापरता येतात.